धर्मांतरबंदीचे कायदे आणि दिल्लीचे दलित ख्रिस्ती

धर्मांतराच्या प्रश्नावर गेली काही वर्षे देशात जे वातावरण तापवले जात आहे, त्याचे खरे स्वरूप समजून घ्यावयाचे असेल, तर राजधानी दिल्ली आणि तिला लागून असलेला औद्योगिक पट्टा यांच्याकडे पाहणे उपयुक्त ठरेल. दिल्लीच्या पूर्व सीमेवर दिलशाद गार्डन ही वसाहत आहे. मेट्रोने तेथून गाझियाबादच्या दिशेने निघाले की लगेचचे स्थानक, शहीद नगर, उत्तर प्रदेश राज्यात येते. सीमेच्या दोन्ही बाजूंना तेच सफाई कामगार, तेच बांधकाम मजूर, त्याच घरकाम करणाऱ्या स्त्रिया राहतात. परंतु दिल्लीचा स्वतःचा असा धर्मांतरविरोधी कायदा नाही, तर उत्तर प्रदेशात 2021 पासून या विषयावरील देशातील अत्यंत कडक कायद्यांपैकी एक लागू आहे. गुरुग्राम किंवा फरिदाबादच्या बाजूला गेल्यास हरियाणाचा 2022 चा कायदा आडवा येतो. एखाद्या ख्रिस्ती कामगाराने चार शेजाऱ्यांना घरी बोलावून प्रार्थना केली, तर दिलशाद गार्डनमध्ये तो राज्यघटनेने दिलेला हक्क ठरतो. तीच प्रार्थना एका स्थानकापलीकडे पोलीस चौकशीचा विषय होऊ शकते.

याच दिलशाद गार्डनमधील सेंट सेबॅस्टियन चर्च 1 डिसेंबर 2014 रोजी आगीत भस्मसात झाले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत दिल्लीतील आणखी काही चर्चांवर दगडफेक, तोडफोड आणि चोरीचे प्रकार घडले. फेब्रुवारी 2015 मध्ये वसंत कुंज येथील चर्चची नासधूस झाली, तेव्हा ख्रिस्ती नागरिक गोल डाकखान्याजवळच्या सेक्रेड हार्ट कॅथेड्रलपाशी निषेधासाठी जमले. पोलिसांनी त्या निषेध करणाऱ्यांनाच ताब्यात घेतले. 17 फेब्रुवारी 2015 रोजी पंतप्रधानांनी विज्ञान भवनातील समारंभात प्रत्येकाला आपल्या श्रद्धेप्रमाणे धर्म पाळण्याचा किंवा स्वीकारण्याचा हक्क असल्याची ग्वाही दिली. त्यानंतर मात्र भारतीय जनता पक्षाच्या सरकारांनी एकामागून एक राज्यांत नेमके हा हक्क आवळणारे कायदे केले. ग्वाही आणि कायदा यांतील या अंतरातच सत्ताधारी वर्गाचे धोरण दिसते.

प्रलोभन कशाला म्हणावे?

बळजबरीने किंवा फसवणुकीने कोणाचा धर्म बदलू नये, याबद्दल कोणाही लोकशाहीवादी माणसाचे दुमत असणार नाही. बळजबरी आणि फसवणूक यांच्या विरोधात सर्वसाधारण फौजदारी कायदा पूर्वीपासून आहेच. मग नव्या कायद्यांनी वेगळे काय केले? त्यांनी 'प्रलोभन' या शब्दाचा अर्थ इतका ताणला, की गरिबाच्या आयुष्यातील सुधारणेची कोणतीही शक्यता त्यात बसावी. उत्तर प्रदेशच्या कायद्यातील व्याख्येत भेटवस्तू आणि पैसा यांच्या जोडीला नोकरी आहे, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतील मोफत शिक्षण आहे आणि अधिक चांगले राहणीमानही आहे. चांगले जगण्याची आशा दाखवणे हेच येथे गुन्ह्याचे साधन मानले गेले आहे!

या कायद्यानुसार धर्मांतर करू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे घोषणापत्र द्यावयाचे. धर्मांतराचा खरा हेतू कोणता, याची चौकशी पोलिसांनी करावयाची. धर्मांतर कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याचा भार ते घडवून आणणाऱ्यावर टाकलेला आहे. 2024 च्या दुरुस्तीने कोणाही व्यक्तीला तक्रार करण्याची मुभा दिली आणि काही गुन्ह्यांसाठी शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली. वस्तीतील ज्या कामगाराला शिधापत्रिकेवरील नाव दुरुस्त करून घेण्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात, त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा हिशेब जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडावा, अशी ही व्यवस्था आहे. शिवाय दलित, आदिवासी आणि स्त्रिया यांच्या धर्मांतरासाठी अधिक शिक्षा ठेवलेली आहे. त्यांच्या संरक्षणासाठी ही तरतूद असल्याचे सांगितले जाते. परंतु तिच्यामागील गृहीतक असे, की दलिताला, आदिवासीला आणि स्त्रीला स्वतःची बुद्धी नसते. त्यांना कोणीतरी फूस लावल्याशिवाय ते निर्णय घेऊ शकत नाहीत. हे मनुस्मृतीचे गृहीतक आहे, राज्यघटनेचे नव्हे.

त्याच वेळी, आधीच्या धर्मात परतणे हे या कायद्याच्या दृष्टीने धर्मांतरच नव्हे. म्हणजे 'घरवापसी'ला मोकळे रान. डिसेंबर 2014 मध्ये आग्र्याला भंगार वेचून पोट भरणाऱ्या गरीब मुस्लिमांचा असाच एक समारंभ करण्यात आला. शिधापत्रिका आणि भूखंड मिळवून देऊ असे आपल्याला सांगितले होते, अशी त्यांच्यापैकी काहींची तक्रार त्या वेळच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली होती. प्रलोभनाला विरोध हा या मंडळींचा खरा मुद्दा असता, तर त्यांनी स्वतःपासून सुरुवात केली असती.

राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदात धर्माचे पालन आणि आचरण यांबरोबर प्रसाराचाही हक्क आहे. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत 'प्रसार' हा शब्द वगळावा असा आग्रह काही सदस्यांनी धरला होता. तो मान्य झाला नाही. तो शब्द राखण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुनशी होते, जे पुढे 1964 मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेत सहभागी झाले. 1977 मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने ओरिसा आणि मध्य प्रदेश यांचे 1967 व 1968 चे कायदे वैध ठरवताना, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा अर्थ लावला. त्या निर्णयाची सावली आजच्या सर्व कायद्यांवर आहे. त्यांचा प्रत्यक्ष वापर कसा होतो, याचे दर्शन ऑक्टोबर 2025 मध्ये घडले. उत्तर प्रदेशातील फतेहपूर येथील सामूहिक धर्मांतराच्या आरोपांवरून नोंदलेले अनेक गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले आणि निरपराधांच्या छळासाठी फौजदारी कायदा वापरता येणार नाही, असे बजावले.

मिशनचा दुहेरी वारसा

या कायद्यांना विरोध करणे म्हणजे मिशनरी चळवळीचे गुणगान करणे नव्हे. दिल्लीत ही चळवळ इंग्रजी सत्तेच्या छायेत वाढली, हे इतिहासाने नोंदवलेले सत्य आहे. 1857 पूर्वी धर्मप्रसारात पुढाकार घेणारे दिल्लीचे पाद्री जेनिंग्ज हे कंपनी सरकारचे पगारी धर्मगुरू होते. 11 मे 1857 रोजी लाल किल्ल्यात ते मारले गेले. राज्यकर्त्यांचा धर्म आणि राज्यकर्त्यांची तलवार यांत जनतेने फरक केला नाही, कारण तो फरक तिला कोणी दाखवलाच नव्हता.

या संबंधाची खरी कसोटी मास्टर रामचंद्र यांच्या आयुष्यात दिसते. दिल्ली कॉलेजातील हे थोर गणिती आणि उर्दू पत्रकार 1852 मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या गणितावरील ग्रंथाची आवृत्ती लंडनमध्ये डी मॉर्गन यांनी 1859 मध्ये प्रसिद्ध केली. 1857 च्या उठावात ख्रिस्ती म्हणून त्यांना जीव वाचवण्यासाठी लपावे लागले. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर आपण सुरक्षित झालो, असे त्यांना वाटले असावे. परंतु त्याच शहरात इंग्रज अधिकाऱ्याने, ते ख्रिस्ती असल्याचे ठाऊक असूनही, केवळ काळ्या कातडीचे म्हणून त्यांना मारहाण केली आणि त्याबद्दल त्यांना लेखी तक्रार करावी लागली. बाप्तिस्म्याने धर्म एक झाला, पण वसाहतवादी समाजरचनेत राज्यकर्ता आणि प्रजा हे नाते तसेच राहिले.

1877 मध्ये केंब्रिज मिशन दिल्लीत आले. उच्चशिक्षणाच्या द्वारे वरच्या वर्गाच्या मनापर्यंत पोहोचावे, हे त्याचे उद्दिष्ट होते, आणि त्यातूनच 1881 मध्ये सेंट स्टीफन्स कॉलेज निघाले. प्रत्यक्षात मिशनच्या दारात मोठ्या संख्येने आले ते मात्र दिल्लीचे चर्मकार. मिशनरी लेफ्रॉय यांनी दर्यागंजच्या चर्मकार वस्तीत काम केले आणि 1884 मध्ये त्यावर लिहिलेही. ख्रिस्ती झालेल्यांसाठी मिशनने स्वतंत्र घरे दिली. त्या घरांत राहण्याच्या अटी होत्या : रविवारी काम करावयाचे नाही, जन्म-विवाह-मृत्यूचे संस्कार ख्रिस्ती पद्धतीनेच करावयाचे, चरस ओढावयाचा नाही. परंतु त्या कुटुंबांचे पोट चामड्याच्या धंद्यावर चालत होते आणि तो धंदा बिरादरीशी जखडलेला होता. जातीच्या पंचायतीने निवड करण्यास भाग पाडले, तेव्हा बहुतेकांनी बिरादरीचा मार्ग धरला. मिशनऱ्यांना यात श्रद्धेचा कच्चेपणा दिसला. वस्तुतः तो उत्पादन संबंधांचा प्रश्न होता. कातडे कोण पुरवणार, जोडे कोण घेणार, अडीअडचणीला उसनवारी कोण देणार आणि मुलीचे लग्न कोणाशी होणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिशनजवळ नव्हते.

पुढे 1920 च्या दशकात स्वामी श्रद्धानंदांच्या दलितोद्धार सभेने याच वस्त्यांत काम सुरू केले. चर्मकार हिंदू की ख्रिस्ती, या शिरगणतीच्या चढाओढीत दोन्ही बाजूंना रस होता. चर्मकाराच्या मजुरीचा आणि त्याच्या विहिरीचा प्रश्न मात्र चढाओढीपुरताच पुढे येत राहिला.

याचा अर्थ मिशनने काहीच दिले नाही, असा नव्हे. स्त्रियांसाठी सुरू झालेल्या वैद्यकीय कार्यातून 1885 मध्ये सेंट स्टीफन्स रुग्णालय उभे राहिले, आणि ज्यांना कोणताही वैद्य हात लावत नव्हता त्यांना तेथे उपचार मिळाले. महाराष्ट्रातील वाचकांना हे सांगण्याची गरज नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनकडे महार आणि मांग समाजातील माणसे वळली, ती ख्रिस्ती धर्मशास्त्रातील सूक्ष्म वाद सोडवण्यासाठी नव्हे, तर पाटी आणि माणूस म्हणून वागणूक मिळेल या आशेने. ज्या समाजव्यवस्थेने त्यांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, तिचे वारसदार आज 'शिक्षण हे प्रलोभन आहे' असे म्हणतात, हा निर्लज्जपणाचा कळस होय.

अँड्र्यूज यांनी निवडलेली बाजू

मिशनच्या चौकटीत राहूनही साम्राज्याशी फारकत घेता येते, हे ज्यांनी दाखवले त्यांत चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचे नाव अग्रभागी आहे. ते 1904 मध्ये केंब्रिज मिशनचे म्हणून दिल्लीत आले आणि सेंट स्टीफन्समध्ये शिकवू लागले. 1906 मध्ये सुशीलकुमार रुद्र हे कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले, त्यामागे अँड्र्यूज यांचा आग्रह होता. भारतीय माणसाच्या हाताखाली इंग्रजांनी काम करावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. 1915 मध्ये गांधीजी दिल्लीत आले तेव्हा रुद्र यांच्याच घरी उतरले, आणि असहकाराच्या तयारीतील महत्त्वाचे लेखनही त्याच छपराखाली झाले, असे गांधीजींनी पुढे नोंदवून ठेवले आहे.

1914 मध्ये अँड्र्यूज यांनी मिशन सोडले. त्यानंतर ते फिजीला गेले, तेथील उसाच्या मळ्यांत करारबद्ध केलेल्या भारतीय मजुरांची स्थिती त्यांनी जगापुढे मांडली आणि ती गुलामीसदृश पद्धत बंद पाडण्यास मोठा हातभार लावला. ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्षपदही पुढे त्यांच्याकडे आले. त्यांचे विचार भाववादी होते, वर्गसंघर्षाची त्यांची जाण मर्यादित होती. परंतु परक्या समाजात जाऊन काम करणाऱ्या माणसाची परीक्षा त्याने किती बाप्तिस्मे दिले यावर नव्हे, तर तो कोणाच्या बाजूला उभा राहिला यावर होते, हे त्यांच्या जीवनाने सिद्ध केले. एल साल्व्हाडोरमध्ये 1980 साली वेदीपाशी गोळी घालून मारलेले आर्चबिशप रोमेरो याच परंपरेतील. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी आणि तुरुंगात डांबलेल्या तरुणांसाठी झगडणारे फादर स्टॅन स्वामी हेही याच परंपरेतील. वयाच्या ऐंशीनंतर, कंपवाताने जर्जर असताना, ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांना अटक झाली आणि 5 जुलै 2021 रोजी मुंबईत, कोठडीत असतानाच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर धर्मांतराचा आरोप नव्हता. सत्ताधाऱ्यांना खरी भीती कोणत्या मिशनरीची वाटते, हे यावरून ओळखावे.

जात राहिली, हक्क गेले

दलित ख्रिस्त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा अन्याय धर्मांतरबंदीच्या कायद्यांहून जुना आहे. ऑगस्ट 1950 च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. 1956 मध्ये त्यात शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रातील वाचकाला याचा अर्थ अनुभवाने ठाऊक आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांबरोबर लाखोंनी बुद्ध धम्म स्वीकारला. त्या दीक्षेने त्यांची जमीन वाढली नव्हती आणि गावातील वस्ती वेशीच्या आत आली नव्हती. तरी केंद्राच्या सवलतींसाठी त्यांना 34 वर्षे झगडावे लागले. तोच न्याय दलित ख्रिस्त्याला का लागू होऊ नये?

न्यायालयीन निर्णयांतून जे चित्र उभे राहते, ते विचित्र आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ख्रिस्ती झालेल्या घराण्यातील व्यक्ती हिंदू धर्मात परतली आणि मूळ जातीने तिला स्वीकारले, तर तिला अनुसूचित जातीचा दर्जा मिळू शकतो. नोव्हेंबर 2024 मध्ये याच न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका स्त्रीचा दावा फेटाळला. ती ख्रिस्ती आचरण करते आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगते, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. दोन्ही निर्णय एकत्र वाचल्यास निष्कर्ष असा निघतो, की जात कायद्याने चर्चच्या दाराशी थांबते आणि मंदिराच्या दाराशी पुन्हा येऊन मिळते. समाजात ती एक क्षणही थांबलेली नसते. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून अलग करण्याची शिफारस केली होती. तिची अंमलबजावणी झाली नाही. 2022 मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमण्यात आला आणि त्याला वारंवार मुदतवाढ मिळत गेली. जो राज्यकर्ता धर्मांतर करणाऱ्याचे हक्क काढून घेतो आणि परतणाऱ्याला ते देऊ करतो, तो स्वतःच प्रलोभन दाखवत नाही काय?

चर्चनेही या संदर्भात आपला हिशेब दिला पाहिजे. गोल डाकखान्याजवळच भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेचे मुख्यालय आहे. तिने डिसेंबर 2016 मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना, चर्चच्या आत अस्पृश्यता पाळली जाते हे कबूल केले. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांची दफनभूमीही वेगळी आहे. दलित समाजातील पहिला भारतीय कार्डिनल व्हावयास 2022 साल उजाडावे लागले. दलितांनी बहुसंख्येने भरलेल्या चर्चची ही अवस्था असेल, तर धर्म बदलल्याने जात आपोआप नष्ट होते, हा भ्रम कोणी बाळगू नये. चर्चच्या नामवंत शाळा-महाविद्यालयांत कोणाची मुले शिकतात आणि त्यांच्या आवारात झाडू कोण मारतो, हा प्रश्न चर्चमधील दलितांनी विचारला पाहिजे आणि ते तो विचारतही आहेत.

चळवळीपुढील कार्य

या सर्व विवेचनातून कष्टकऱ्यांच्या चळवळीने कोणते निष्कर्ष काढावयाचे? पहिला असा, की सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य हा लोकशाही हक्क आहे आणि तो निरीश्वरवाद्यांनी सर्वांत पुढे होऊन जपला पाहिजे. आज ज्याला ख्रिस्ती होण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची दारे ठोठवावी लागतात, त्याला उद्या कोणताही धर्म न मानण्यासाठीही ती ठोठवावी लागतील. धर्मांतरबंदीच्या कायद्यांना विरोध हे केवळ अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे काम नव्हे. ते दलिताला स्वतःचा निर्णय घेता येतो, या तत्त्वाचे संरक्षण आहे. 1950 च्या आदेशातील धर्माची अट रद्द करण्याची मागणी त्याच तत्त्वातून येते.

दुसरा निष्कर्ष अधिक अवघड आहे, कारण तो आत्मपरीक्षणाचा आहे. दिल्लीच्या वस्त्यांतील माणूस मिशनरीकडे जातो, तेव्हा त्याला आजारपणात विचारपूस करणारा, मुलीला अक्षर शिकवणारा, नावाने हाक मारणारा कोणीतरी भेटलेला असतो. तो माणूस कामगार आहे. त्याच्या दारात लाल झेंडा आधी का पोहोचला नाही? कारखान्याच्या फाटकावर संघटना बांधली गेली. पण गटार साफ करणाऱ्या कंत्राटी कामगाराला फाटकच नसते. हाताने मैला साफ करण्यावर 1993 आणि 2013 असे दोन कायदे झाले. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना 30 लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला. जानेवारी 2025 मध्ये त्याने दिल्लीसह सहा महानगरांत माणसाला गटारात उतरवण्यास मनाई केली. न्यायालयाला पुनःपुन्हा आदेश द्यावे लागतात, यातच सर्व काही आले. त्या कामगाराने बाप्तिस्मा घेतला तर त्याला काय दिले, याची चौकशी करण्यास पोलीस तत्पर असतात. तो दोरी बांधून गटारात उतरला तेव्हा त्याला काय दिले होते, याची चौकशी त्याच्या मृत्यूनंतरही क्वचितच होते.

हा प्रश्न विचारणारी संघटना त्या वस्तीत असली पाहिजे. प्रार्थनेला जाणाऱ्या कामगाराची श्रद्धा सोडवून घेणे हे तिचे काम नव्हे. त्याच्याबरोबर वेतनासाठी, सुरक्षा साधनांसाठी, जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या चर्चवर हल्ला झाल्यास त्या चर्चच्या रक्षणासाठीही उभे राहणे, हे तिचे काम आहे. दर्यागंजच्या चर्मकाराला मिशन जे देऊ शकले नाही, ते उपजीविकेचे स्वातंत्र्य केवळ संघटित कष्टकरीच मिळवू शकतात. ते मिळेल, तेव्हा कोणता धर्म मानावयाचा किंवा मानावयाचाच नाही, हे ठरवण्यास त्याला ना मिशनची घरे लागतील, ना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी.